युजीन स्मिथच्या मागावर, मिनामातात

सोमवार, फुकुओका

जपानला येणारे आपले लोक टोकियो, क्योतो, फुजी आणि जमलं तर हिरोशिमा करून परततात. मी मिनामाताला निघालोय म्हटल्यावर वहिनींनी पोह्यांची बशी पुढे करत विचारलं, "अहो भाऊजी, तिथे बघायला काय आहे?" मित्र आतून ओरडला, "अगं, पाऱ्यानं माणसं मेली ना, ते गाव. शाळेत नव्हतं का आपल्याला?" होतं. पर्यावरणाच्या पुस्तकात एक चौकट, परीक्षेला दोन मार्कांना.

मी मात्र निघालोय तो एका फोटोग्राफरपायी. डब्ल्यू. युजीन स्मिथ. आमच्या धंद्यात ज्याचं नाव घेताना कानाला हात लावावा असा माणूस. माझा धंदा म्हणजे सामाजिक संस्थांसाठी फोटो काढणं: पाणलोटाची कामं, आश्रमशाळा, कुपोषणाचे वॉर्ड. वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर छापला जातो आणि त्यात कुणाचं तरी पोर मोठ्या डोळ्यांनी देणगीदाराकडे बघत असतं. ते पोर बहुतेक वेळा मी टिपलेलं असतं. या प्रकारच्या फोटोगिरीची जवळजवळ सगळी व्याकरणं स्मिथने घालून दिली आणि तिचे सगळे पेचही त्याच्याच कामात सापडतात.

हा १९१८ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर होता. १९४५च्या मेमध्ये ओकिनावात तोफगोळ्याचे तुकडे तोंडाला आणि हाताला लागले आणि पुढची दोनेक वर्षं शस्त्रक्रियांत गेली. मग 'लाइफ' मासिकासाठी एकेक चित्रकथा केली. १९४८ साली कोलोराडोतला खेड्यातला डॉक्टर आला. १९५१ साली दक्षिण कॅरोलायनातली मॉड कॅलन ही कृष्णवर्णीय सुईण आली. तिची कथा वाचून लोकांनी आपणहून पैसे पाठवले आणि त्यातून तिचा दवाखाना उभा राहिला. फोटोने जग बदलतं की नाही यावर आमच्यात रात्र रात्र वाद झडतात. त्या एका दवाखान्याच्या भिंती मात्र फोटोने उभ्या केल्या, हे कुणाला नाकारता येत नाही.

स्वभावाने महाहट्टी. आफ्रिकेत दवाखाना चालवणाऱ्या डॉ. श्वाइट्झरवर केलेल्या कथेच्या मांडणीवरून भांडून १९५४ साली 'लाइफ' सोडलं. मग पिट्सबर्ग शहराचे शंभरेक फोटो तीन आठवड्यांत काढून देण्याचं काम घेतलं आणि हजारो निगेटिव्ह करून, घरदार कर्जात घालून बसला. असल्या माणसाला कोण काम देणार? १९७१ साली, बावन्नाव्या वर्षी, तो नुकतंच लग्न झालेल्या आयलीनबरोबर मिनामाताला आला. बेत तीन महिन्यांचा होता. राहिले तीन वर्षं.

मंगळवार, मिनामाता

हाकाता या फुकुओकाच्या मुख्य स्टेशनवरून शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेनने शिन-मिनामाता तासाभराच्या अंतरावर. तिथून किनाऱ्याच्या जुन्या मार्गावरची एका डब्याची गाडी पकडायची, पुढचंच स्टेशन मिनामाता. उतरून दरवाज्याबाहेर पाऊल टाकलं की समोर कारखान्याचं फाटक. मधे फक्त रस्ता. मी पुस्तकांत वाचलं होतं, तरी दचकलो. गावाने कारखान्याकडे तोंड करून स्टेशन बांधलंय की कारखान्याने गाव आपल्या अंगणात घेतलंय, हे कळू नये इतकं ते जवळ आहे. कंपनीचं नाव चिस्सो. २०११पासून धंदा जेएनसी नावाच्या उपकंपनीकडे आहे आणि कारखाना आजही चालू आहे.

१९०८ साली हा कारखाना इथे आला. १९३२ ते १९६८ या काळात इथे अॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनत असे. त्यासाठी पारा उत्प्रेरक म्हणून वापरायचे. त्यातून मिथाइल मर्क्युरी हे पाऱ्याचं विषारी संयुग तयार व्हायचं आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जायचं. खाडीतून शिंपल्यांत, माशांत, आणि तिथून मासे खाणाऱ्या मांजरांत, माणसांत. मांजरं आधी वेडीवाकडी नाचू लागली, समुद्रात पडून मेली. माणसांचे हात थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं, नजर आक्रसली. १९५६च्या १ मे रोजी कंपनीच्याच दवाखान्याने आरोग्य केंद्राला अज्ञात रोगाची खबर दिली. ती या रोगाची अधिकृत सुरुवात मानतात. सांडपाणी त्यानंतरही बारा वर्षं चालूच राहिलं.

हे कसं चालू दिलं, असा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडायला नको. ज्या तालुक्याचं पोट एकाच साखर कारखान्यावर आहे तिथे मळीच्या वासाबद्दल चारचौघांत बोलून बघा. इथे तर मेअरही एके काळी कारखान्याचा माजी व्यवस्थापक होता. आजारी पडलेले कोळी गरीब, वस्त्या गावाबाहेरच्या. त्यांनी नुकसानभरपाई मागितली की 'यांच्यामुळे कारखाना बंद पडेल' म्हणून गावच अंगावर यायचं.

चालत ह्याक्केनच्या नाल्याशी गेलो. हेच ते तोंड, जिथून विष बाहेर पडलं. दिसायला अगदी किरकोळ: काँक्रीटचा नाला, झडपा, माहितीचा फलक. २०२३ साली जुन्या झडपा जीर्ण झाल्या म्हणून काढून टाकायचं नगरपालिकेने ठरवलं, तर रुग्णांच्या संघटनांनी विरोध केला. हात लावून बघावा असा हा एकच पुरावा उरलाय, असं त्यांचं म्हणणं.

कारण खाडी आता दिसत नाही. तळातला पाऱ्याचा गाळ, सुमारे १५ लाख घनमीटर, उपसून खाडीच्याच आतल्या भागात भरला, वर माती टाकली आणि ५८ हेक्टरांचं उद्यान केलं. काम १९७७ ते १९९० चाललं, खर्च ४८५ अब्ज नव्हे, ४८.५ अब्ज येन. (जपानी आकडे वाचताना माझे शून्य नेहमी घसरतात, म्हणून मुद्दाम दोनदा तपासले.) शाळेची पोरं बेसबॉलचा सराव करत होती. त्यांच्या बुटांखाली गवत, गवताखाली माती, मातीखाली पिंपांत बंद करून पुरलेले विषारी मासे. पाण्याच्या कडेला रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या हातांनी कोरलेल्या छोट्या दगडी मूर्ती समुद्राकडे तोंड करून उभ्या आहेत. मी कॅमेरा काढला, चार फोटो घेतले. चांगले आले नाहीत. दुपारचं ऊन सपाट होतं.

मुक्काम युनोको या समुद्राकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या वस्तीत. खाणावळीसारखी साधी सराई. रात्री स्नानघरात गेलो. जपानी न्हाणं म्हणजे आधी बाहेर बसून साबण लावून, स्वच्छ होऊन मगच टाकीत उतरायचं. टाकी खोल, पाणी हनुवटीपर्यंत. समोर एक बाप आपल्या तीन-चार वर्षांच्या पोराला न्हाऊ घालत होता. कपाळावर आडवा तळहात धरून त्याने डोक्यावरून पाणी सोडलं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून. मग काखेत धरून उचललं, पाण्यात उतरला आणि त्याला मांडीवर घेऊन बसला. पोराची मान बापाच्या दंडावर टेकलेली. दोघांपैकी कुणी बोलत नव्हतं.

स्मिथचा सगळ्यांत प्रसिद्ध फोटो न्हाणीघरातलाच आहे. डिसेंबर १९७१. अंधाऱ्या न्हाणीत एक आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला पाण्यात धरून आहे. मुलगी आईच्या पोटात असतानाच पाऱ्याची शिकार झाली. तिला दिसत नाही, बोलता येत नाही, हातापायांच्या काटक्या वळलेल्या. उजेड आईच्या चेहऱ्यावरून मुलीवर उतरतो. जगभरच्या समीक्षकांनी त्याला येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीची उपमा दिली. इथे पाण्यात बसल्यावर मला ती उपमा परकी वाटली. त्या घरात हे रोज संध्याकाळी घडत होतं. मुलीला न्हाऊ घालायचंच होतं.

बुधवार, संग्रहालय आणि सोशिशा

उद्यानाच्या वरच्या टेकडीवर नगरपालिकेचं मिनामाता रोग संग्रहालय आहे, १९९३ साली उघडलेलं. मांडणी जपानी पद्धतीची नेटकी. पण खरा ऐवज म्हणजे तिथे बोलणारी माणसं. रुग्ण किंवा त्यांचे नातेवाईक येतात आणि शाळांच्या सहलींसमोर आपली हकीकत सांगतात. आज एक वयस्कर बाई होत्या. दुभाष्याने जेवढं पोचवलं तेवढंच मला कळलं. रोग संसर्गजन्य आहे असं समजून शेजारी दाराशी यायचे नाहीत, दुकानदार पैसे हातात घ्यायचे नाहीत, लग्नं मोडायची. मुलं वह्यांत उतरवून घेत होती. शेवटी त्यांनी जागेवरून उठून जोरात आभार मानले आणि जेवायला पळाली.

अधिकृत मान्यता मिळालेले रुग्ण सुमारे २,३००. ज्यांना ती मिळाली नाही आणि तडजोडीचे थोडेबहुत पैसे घेऊन गप्प बसावं लागलं ते कितीतरी हजार. प्रकरण संपलेलं नाही. २०२४च्या १ मे रोजी, स्मृतिदिनाच्या कार्यक्रमानंतर पर्यावरण मंत्र्यांच्या भेटीत रुग्णांच्या प्रतिनिधींना तीन मिनिटं दिली होती. ती उलटताच खात्याच्या माणसांनी बोलणाऱ्याचा माइक बंद केला. नंतर मंत्र्यांना गावात येऊन माफी मागावी लागली.

दुपारी सोशिशाला गेलो. रुग्णांना आधार म्हणून १९७४ साली लोकांच्या पैशांतून उभी राहिलेली ही संस्था. तिचं छोटं संग्रहालय पूर्वीच्या अळंब्यांच्या शेडमध्ये आहे. सरकारी संग्रहालयापेक्षा मला हेच जवळचं वाटलं. धूळ थोडी जास्त, राग पुष्कळ जास्त. मोर्च्यांतले काळे झेंडे आहेत, त्यांवर पांढरं एकच अक्षर, अर्थ 'तळतळाट'. आणि मांजराच्या प्रयोगाची हकीकत. कंपनीच्या दवाखान्याचे डॉ. होसोकावा यांनी १९५९ साली कारखान्याचं सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांना घातलं. ४०० क्रमांकाच्या मांजराला तीच लक्षणं आली. कंपनीने प्रयोग थांबवला आणि निष्कर्ष दाबला. १९७० साली कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी तिथूनच कोर्टाला साक्ष दिली.

आणखी एक गोष्ट, नाळेची. बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवायची इथे रीत आहे. आपल्याकडे पुरतात, हे ठेवतात. संशोधकांनी घरोघरच्या डब्या मागून घेतल्या आणि कोणत्या साली जन्मलेल्या बाळाच्या नाळेत किती पारा होता ते मोजलं. कारखान्याचं उत्पादन वाढलं तसा नाळेतला पारा वाढलेला. आयांनी जपलेली खूण अशी कामी आली. वार (प्लासेंटा) आईच्या अंगातलं विष बाळापर्यंत पोचू देत नाही, असं तोवरचं वैद्यक सांगत होतं. इथे उलटं निघालं: बाळाने ते शोषून घेतलं. फोटोतल्या मुलीची आई तिला घरातलं धन मानायची, कारण आईच्या वाट्याचं विष तिने घेतलं आणि पाठची भावंडं धड जन्मली.

इथे एक खडा मला टाकायचाच आहे. स्मिथच्या आधी इथे कुणी कॅमेरा घेऊन आलंच नव्हतं, असं आमच्यातले बरेच जण धरून चालतात. कुवाबारा शिसेई हा तरुण जपानी फोटोग्राफर १९६० सालीच आला होता. १९६२ साली त्याने टोकियोत प्रदर्शन भरवलं. त्याचं काम दहा वर्षं जुनं झाल्यावर जगाला मिनामाता 'दिसलं', कारण जून १९७२मध्ये ते अमेरिकन मासिकात आलं. यात स्मिथचा दोष नाही. पण आमच्या धंद्यात शोध कुणाच्या नावावर लागतो ते ध्यानात ठेवलेलं बरं.

गुरुवार, त्सुकिनोउरा, युदो, मोदो

सकाळी फुकुरो स्टेशनवर उतरून कोळीवस्त्यांतून गावाकडे चालत आलो. मोदो, मग युदो, मग त्सुकिनोउरा. चिमुकल्या खाड्या, काचेसारखं पाणी. युदोच्या खाडीत तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटतात. मी मालवणकडचा, बंदरावर पहिली नजर जाते ती होड्या मोजायला. इथे थोड्याच होत्या. डोंगरउतारावर मात्र अमानात्सुच्या बागा फळांनी लगडलेल्या. मोसंब्याहून मोठं, जाड सालीचं, आंबटगोड फळ. मासेमारी बुडाली तेव्हा बऱ्याच कोळी कुटुंबांनी बागा धरल्या, आणि विषाचा अनुभव अंगावर काढलेला असल्याने औषधफवारणी होईल तेवढी कमी ठेवली. एका म्हाताऱ्याने बांधावरून दोन फळं हातात दिली. पैसे काढले तर रागावला. दुपारी बारीक माशांचा भात खाल्ला. खाडीच्या तोंडाशी १९७४ साली लावलेलं जाळं १९९७ साली काढलं, मासे निर्धोक असल्याचं मिनामाता ज्या प्रांतात येतं त्या कुमामोतोच्या राज्यपालांनी जाहीर केलं. तरी पहिला घास घेताना जीभ क्षणभर थबकली, हे कबूल.

त्सुकिनोउरातच स्मिथ जोडपं भाड्याने राहिलं. एका रुग्णाच्या कुटुंबाचं जुनं लाकडी घर, डार्करूम कशीबशी जुळवलेली. शेजारीच पेशंट. मुलाखतीला येऊन संध्याकाळच्या गाडीने परतणारा फोटोग्राफर आणि ज्याच्या घरचा कचरा शेजारणीला माहीत असतो तो फोटोग्राफर, यांत फरक पडतोच.

स्मिथला तटस्थपणा ही थाप वाटायची. १९७१च्या त्याच्या मोठ्या प्रदर्शनाचं नावच 'सत्य हाच पूर्वग्रह असू दे' अशा अर्थाचं होतं. श्वाइट्झरच्या गाजलेल्या फोटोत कोपऱ्यातला हात आणि करवतीची मूठ त्याने दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून छापली आहे. आज कुठल्याही वृत्तसंस्थेत यासाठी नोकरी जाईल. एकेका प्रिंटवर तो दिवस घालवायचा. काळा भाग आणखी काळा करायचा आणि मग पोटॅशियम फेरीसायनाइडमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने डोळ्याचं पांढरं, बोटाचं टोक, एवढंच हलकेच उजळ करायचा. न्हाणीतला फोटोही ठरवून, आईच्या संमतीने घेतलेला. मला यात फसवणूक दिसत नाही. बाजू घेतली होती आणि ती लपवली नव्हती. त्याची किंमतही दिली. जानेवारी १९७२मध्ये टोकियोजवळच्या गोई इथल्या कारखान्यात रुग्णांच्या शिष्टमंडळाबरोबर गेला असताना कंपनीच्या माणसांनी त्याला बेदम मारलं. मान आणि नजर कायमची अधू झाली. २० मार्च १९७३ रोजी रुग्णांच्या खटल्यात कुमामोतोच्या कोर्टाने कंपनीला दोषी ठरवलं. १९७५ साली मिनामातावरचं पुस्तक आलं, १९७८ साली स्मिथ गेला.

न्हाणीतल्या त्या मुलीला मात्र त्यानंतर चैन मिळाली नाही. फोटो गाजला तसे कॅमेरे, मुलाखती, सभा मागे लागल्या. ती थकायची. फोटोवर हे लोक पैसे कमावतात, असं गावात कुजबुजलं गेलं. त्यांनी कमावलं काहीच नव्हतं. १९७७च्या डिसेंबरात, एकविसाव्या वर्षी ती गेली. पुढे वीस वर्षं फोटो जगभर पुस्तकांत, भित्तिपत्रकांवर फिरतच राहिला. आता तिला विसावा मिळू दे, असं वडिलांचं म्हणणं. आयलीन स्मिथने १९९८ साली घरी जाऊन या फोटोबाबतचा निर्णयाचा हक्क आईवडिलांच्या हाती दिला आणि यापुढे तो नव्याने छापायला देणार नाही असं सांगितलं. विसाव्या शतकातल्या सर्वांत थोर फोटोंपैकी एक, आणि मालकिणीने तो तेव्हा मागे घेतला. स्मिथवरच्या २०२०च्या 'मिनामाता' या चित्रपटाने हा प्रश्न पुन्हा उकरला. त्या चित्रपटाच्या खास खेळाला कुमामोतो प्रांताने पाठिंबा दिला, मिनामाता नगरपालिकेने दिला नाही.

पुष्कळ फोटोग्राफर अजून चिडतात. इतिहासाचा पुरावा कुटुंबाच्या मालकीचा कसा, असं म्हणतात. मीही आधी तसंच म्हणत असे. पण इतिहासाला लागायचं ते त्या फोटोने तेव्हाच करून झालं होतं. खटला जिंकला, पैसे मिळाले, चौकट पाठ्यपुस्तकात गेली. उरलं होतं ते आमचं कौतुक. आमच्या कौतुकासाठी एका मुलीला पन्नास वर्षं न्हाणीत उघडी ठेवायची?

भोपाळ आठवलं. डिसेंबर १९८४. माती लोटली जात असलेल्या चिमुकल्या बाळाचा चेहरा, रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. त्या बाळाचं नाव कधीच कळलं नाही. तिथे 'आता पुरे' म्हणायला कुणी घरचं माणूसच उरलं नाही, म्हणून तो फोटो दर डिसेंबरला छापला जातो. मिनामातात निदान विचारायला कुणी होतं आणि विचारणारी आयलीन होती.

शुक्रवार, परतीची गाडी

अमानात्सु मित्राच्या घरासाठी पिशवीत. गाडीत बसून आमच्या संस्थेचं संमतीपत्र उघडलं. 'माझ्या/माझ्या पाल्याच्या छायाचित्राचा वापर संस्थेला कोणत्याही माध्यमात, कायमस्वरूपी करता येईल.' खाली सही किंवा अंगठा. गडचिरोलीच्या वॉर्डात हे मी स्वतः वाचून दाखवलेलं आहे, घाईघाईत, बाळ रडत असताना. 'कायमस्वरूपी' खोडलं आणि लिहिलं: कुटुंबाने तोंडी सांगितलं तरी फोटो काढून घेतला जाईल, कारण विचारलं जाणार नाही.

ऑफिसात पाठवलं. कुमामोतो मागे पडायच्या आत मॅडमचं उत्तर आलं: "कल्पना छान. पण छापलेल्या अहवालांचं काय करायचं? आणि मुदत घाल, तीन वर्षं म्हणूया." मी लिहिलं, छापलेले राहू देत, नवीन छपाई थांबवू, पण मुदत नको, पोर मोठं होऊन स्वतः नाही म्हणेल तेव्हा अठरा वर्षं झालेली असतील. त्यावर त्या म्हणाल्या, "फंडर ऐकणार नाही रे." मग दोन निळ्या खुणा आणि पुढे काही नाही. सोमवारी वकिलांबरोबर बैठक लावली आहे.